मगरीच्या खिडक्या

वहिनी,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. अजून रोज कुणी ना कुणी दुखवट्याला येतं. दादाजवळ बसतं, अर्धा कप चहा घेतं, आणि उठून जाताना हमखास माझ्या गॅरेजच्या दारात थांबतं. "हीच का ती मोटार?" म्हणून विचारतं. मी मान हलवतो. मग ते खिडकीची काच एका बोटानं ढकलून बघतात, सोडतात, पुन्हा ढकलतात, आणि हसतात. पहिले काही दिवस मला त्या हसण्याचा राग यायचा. आता येत नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. येणारी माणसं म्हणतात, शालनबाई फार सोशिक होत्या. सोशिक? माझ्या हातातला पाना काढून घेऊन, "उठा भाऊजी, तुमच्यानं होत न्हाई," असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणणारी बाई सोशिक? तुम्ही दमा सोसलात, तोही त्याच्याशी भांडत भांडत. बाकी कुणाचं काही सोसल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून आज गॅरेज बंद ठेवून लिहायला बसलो आहे. माझा हात लिहिण्याचा नाही, तुम्हाला माहीत आहे. अक्षरांना तेल लागलं तर चालवून घ्या.

मी ती मोटार बांधायला घेतली तेव्हा घरात सगळे म्हणाले होते की वसंताचं डोकं फिरलं. कुणा व्यापाऱ्याची लहानशी विलायती मोटार चंदनापुरीच्या घाटात उलटली होती. वरचा सगळा सांगाडा चेपून गेला होता, पण इंजिन आणि खालची चौकट शाबूत होती. ती मी भंगारातून उचलून आणली. सलूनच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर परदेशातली शर्यतीची मोटार होती. तांबडी, लांब नाकाची, जमिनीला टेकलेली. त्या चित्राबरहुकूम मी पोत्यात वाळू भरून त्यावर पत्रा ठोकत बसलो. दोन वर्षं गेली. दिवसा दुसऱ्यांच्या गाड्या, संध्याकाळी ही. तयार झाली तेव्हा संगमनेरातल्या लोकांनी तिचं नाव मगर ठेवलं, आणि खरं सांगायचं तर ते शोभत होतं.

त्या दिवशी सगळी आळी जमली होती. तुम्ही कुंकू घेऊन आलात, मगरीच्या नाकाला बोट लावलंत, नारळ फोडलात, आणि शांतपणे तिच्याभोवती एक चक्कर मारून विचारलंत,

"भाऊजी, हिच्या खिडक्या कुटं हायती?"

मी म्हणालो, "वहिनी, शर्यतीच्या मोटारीला खिडक्या नसतात."

"मग शर्यतीतल्या मान्सांना धूळ लागत न्हाई व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत, आणि ते माझ्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही घ्यायचात तो शिवणाचा वर्ग सुरू व्हायच्या आधी, तुम्ही गॅरेजात आलात. टायरवर बसलात. तिथं बसून तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. तुमचं माहेर तिसगाव. पाच वर्षांपूर्वी एस.टी.नं जाताना करंजीच्या घाटात तुम्हाला धाप लागली, तेव्हा दादानं तुम्हाला उचलून रस्त्याकडेच्या मोरीवर बसवलं होतं आणि बस तासभर थांबली होती. त्यानंतर डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला. मध्ये एकदा टॅक्सी करून पाहिली. काचा लावल्या की जीव कोंडायचा, उघडल्या की धूळ. राहुरीहून माघारी यावं लागलं होतं. आणि तिकडे तुमची आई ओट्यावरून पडून मांडीचं हाड मोडलेली, खाटेला खिळलेली. तिसगावहून कुणीही आलं तरी निरोप एकच असायचा: शाली कधी येती म्हणावं.

"तुमच्या मोटारीचं नाक लांब हाय," तुम्ही म्हणालात. "इंजिनाचा वास म्होरं ऱ्हातोय. काचंच्या म्होरं झरोका पाडा, त्यात मी वल्लं मलमल बसवीन. वारा गाळून आत यील. पण बाजूला खिडक्या पायजेत. आन् त्या मला माझ्या हातानं उघडता-झाकता आल्या पायजेत. टॅक्सीवाल्याला सांगंस्तवर माझा जीव जातो, भाऊजी."

मी चित्रावरून केलेली मोटार. तिच्यावर एक ओरखडा पडू नये म्हणून मी तिला गोधडीनं झाकत होतो. आणि तुम्ही तिला भोकं पाडायला सांगत होतात. तरी मी फूटपट्टी शोधायला लागलो, याचं आज मला माझंच नवल वाटतं.

दारं कमरेइतकीच उंच होती. वर पत्र्याचं टप मी नंतर बसवलं. मधली जागा मोकळी. साधी काच तिथं चालणार नव्हती. ती जड, आणि फुटली तर तुमच्या अंगावर. पुण्यात दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून मी पारदर्शक प्लास्टिकचे जाड पत्रे आणले. पहिला पत्रा कापला, घासला, भोकं पाडली, आणि चौकटीला स्क्रूनं आवळला. शेवटचा आटा फिरवला आणि टच्च आवाज झाला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा.

मी डोकं धरून खाली बसलो. तुम्ही तडा निरखून बघितलात आणि म्हणालात, "भाऊजी, तुमी काज कधी केलंय का?"

"काज?"

तुम्ही पिशवीतून अर्धवट शिवलेलं झंपर काढलंत. बटण आणि काज माझ्या नाकासमोर धरलंत. "बटनापरीस काज वाईच मोठं ठेवावं लागतं. न्हाईतर कापड फाटतं. तुमी तर बटनाएवढंच काज केलंय, आन् वर आवळलंय. उन्हात ही काच फुगत आसंल. तिनं जायाचं कुटं?"

मी पंधरा वर्षं मोटारी दुरुस्त करत होतो. त्या दिवशी मी शिवणाच्या वर्गात पहिल्यांदा बसलो असं समजा. पुढची भोकं मोठी पाडली, सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून मध्ये घातले. त्या खिडक्यांना आज दोन उन्हाळे झाले, एक केसाएवढा तडा नाही.

मग दुसरी अडचण. दार बाहेरच्या बाजूला फुगलेलं, पत्रा सपाट. मधे टेकायचा, दोन्ही टोकांना बोटभर फट. तुम्ही वर्तमानपत्राचा कागद दारावर लावून कात्रीनं बेतलात, अगदी पाठीचं माप घेतल्यासारखा. "कापड आसतं तर मी इथं एक टक घेतला आसता," असं पुटपुटत होतात. प्लास्टिक चिमटीत दुमडून टक कसा घेणार? त्यावर दोन दिवस आपण दोघांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही नानकटाईचा ट्रे भाजायला रशीदभाईंच्या बेकरीत द्यायला निघालात आणि उंबऱ्यावरच थांबलात.

"भाऊजी, ते पलास्टिक गरम केलं तर वाकंल ना?"

रशीदभाईंचा चेहरा मला अजून दिसतो. "वहिनी, नानकटाई आणा, बिस्कुटं आणा, मी कधी न्हाई म्हनलो का? पण ही मोटारची काच! माझ्या भट्टीत ही कुठं घालू?" पण माणूस दिलदार. दुपारचे पाव निघाल्यावर भट्टी निवत असते, तेवढा वेळ त्यांनी आपल्याला दिला. आच किती राहिली ते बघायला ते चिमूटभर मैदा आत टाकायचे. मैदा लगेच करपला की म्हणायचे, "अजून न्हाई." आधी तडा गेलेल्या पत्र्याचा तुकडा घालून पाहिला, घाई झाली, त्याला पुऱ्यांसारखे फोड आले. तुम्ही धुराच्या भीतीनं रस्त्याच्या पलीकडे उभ्या, आणि तिथून ओरडून सूचना करत होतात. मैदा जेव्हा नुसता पिवळसर व्हायला लागला तेव्हा खरा पत्रा आत गेला. थोड्या वेळानं तो ओल्या पापडासारखा लवला. मी आणि रशीदभाईंनी पोत्याचे हातमोजे घालून तो उचलला आणि तुम्ही फ्लॅनेल चढवून दिलेल्या लाकडी साच्यावर आडवा केला. निवला, उचलला, दारावर धरला. कुठं फट नाही. रशीदभाई रस्ता ओलांडून तुम्हाला सांगायला धावत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला माझ्या बिस्कुटांच्या बरणीला झाकण करून द्या." करून दिलं.

मग बिजागऱ्या. इथं आपलं भांडण झालं.

तुमचं म्हणणं, खिडकी वरून टांगा, पडवीच्या झडपेसारखी, खालून उघडेल. माझं म्हणणं, पुढच्या काचेच्या दांडीला बिजागरी लावू, मागून उघडेल. दोन दिवस आपण वाद घातला. शेवटी तुमचं ऐकलं, कारण तुमचं न ऐकण्याची मला सवय नव्हती. पेट्या करणाऱ्याकडून बिजागऱ्या आणल्या, खिडक्या वरून टांगल्या, आणि अकोले रस्त्यानं आपण पहिली चक्कर मारायला निघालो.

दुष्काळाचं साल. बहात्तरचा उन्हाळा सरून पाऊस आलाच नव्हता. रस्त्यावर खडी फोडण्याची कामं, आणि मातीचं नुसतं पीठ झालेलं. समोरून एक ट्रक गेला. वारा खिडकीच्या खालून घुसला आणि त्याच्याबरोबर सगळी धूळ आपल्या तोंडावर. तुम्ही खिडकी ओढून घ्यायला हात वर केलात, पण वाऱ्यानं ती उचलून धरली होती. मी गाडी वळवली तेव्हा तुमची नखं माझ्या बाहीत रुतली होती. घरापर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते मला आठवत नाही.

दादा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. तुम्हाला उशांना टेकवून बसवलं, इंजेक्शन देऊन डॉक्टर गेले, आणि मग तो मला बाहेर घेऊन म्हणाला, "वसंता, ती मोटार आपल्या दारात नको." एवढंच बोलला. मला वाटतं त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता एक सांगतो, जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खिडक्या काढून टाकल्या, घण उचलला आणि मगरीच्या नाकासमोर उभा राहिलो. दोन वर्षं ठोकून केलेलं नाक. तुम्हाला घाटात नाही, घरापासून दोन मैलांवर मारायला निघालेली मोटार. घण वर उचललासुद्धा होता. मारला नाही तो केवळ गिऱ्हाईक आलं म्हणून. गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा उचलायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून घेतलंत. अजून बिछान्यात होतात, आवाज धड फुटत नव्हता. मला वाटलं, तुम्ही समजूत घालणार, राहू द्या म्हणणार. तुमच्या हातात तांबड्या दोऱ्याचं रीळ होतं.

"धूळ दिसती तवा उशीर झालेला आसतो," तुम्ही म्हणालात. "पन दोरा आधी दिसंल. काचंला आतनं दोऱ्याचं तुकडं चिकटवा. वारा कुनीकडं जातोय ते कळंल."

आठ दिवसांनी, सकाळी दव असताना, शाळेच्या मैदानावर आपण मोटार नेली. मैदान धुम्मस करून घट्ट बसवलेलं, तिथं धूळ नव्हती. दादाला मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतंत. काय बोलणं झालं तुम्हा दोघांचं ते मला माहीत नाही. तो आला आणि हाताची घडी घालून लिंबाखाली उभा राहिला.

आणि तिथं कळलं की मी गाडी चालवली तर दोरे बघणार कोण? दोन्ही बाजूंचे दोरे बघायला, खिडकी हातानं वेगवेगळी धरून पाहायला मी मोकळा हवा.

"मी चालवते," तुम्ही म्हणालात.

तीन सकाळी त्यातच गेल्या. गिअर टाकताना मगर बेडकासारखी उड्या मारायची. दुसऱ्या दिवशी दादा लिंबाखालून निघाला आणि गाडीबरोबर पळायला लागला. "क्लच! अगं शालन, क्लच!" ज्या माणसानं आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नाही तो धोतर सावरत क्लच क्लच ओरडत होता, आणि तुम्ही आतून हसत होतात. तुम्ही हसत होतात आणि धाप लागत नव्हती. ते त्यानंही पाहिलं. चौथ्या दिवशी तुमचा शिकाऊ परवाना काढायचा अर्ज त्यानंच भरून आणला. तुम्ही मागे लावायला तांबड्या कापडाचं इंग्रजी 'एल' शिवलंत, पांढऱ्या कापडावर, बारीक टाके घालून.

मग खिडक्या पुन्हा टांगून दोरे बघितले. खिडकी वरून टांगलेली असली की सगळे दोरे आत, आपल्या तोंडाकडे. मग मी ती काढून पुढच्या दांडीशी धरली आणि मागच्या कडेनं दोन बोटं उघडी ठेवली. तुम्ही वेग घेतलात. दोरे थरथरले, वळले, आणि एका ओळीत मागं झुकून त्या फटीतून बाहेर डोकवायला लागले. सगळेच्या सगळे. तुम्ही बघितलंत आणि गाडी मैदानाच्या मधोमध बंद पाडलीत.

"भाऊजी," तुम्ही म्हणालात, "मोटार श्वास सोडतीया."

दम्याच्या माणसाला श्वास घ्यायला नाही, सोडायला कष्ट पडतात, हे मला तेव्हा तुम्ही सांगितलंत. घरात तुमच्याबरोबर दहा वर्षं राहून मला ते ठाऊक नव्हतं.

खिडकीची जागा माझ्या म्हणण्यासारखी झाली, दोरे तुमचे. इथवर हिशेब बरोबरीत होता. पण पुढची दांडी तिरकी आणि वाकलेली, तिच्यावर दोन बिजागऱ्या लावल्या की खिडकी अडकायची, कारण दोघींची तोंडं दोन दिशांना. मग दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून त्यांच्यातून सायकलच्या चाकाची एकच सरळ तार ओवली, आणि खाली सागाच्या पाचरी दिल्या. खिडकी लोण्यासारखी फिरायला लागली. ही तार कुणाच्या डोक्यातून निघाली यावर तुम्ही शेवटपर्यंत भांडलात. तुम्ही म्हणायचात, "सुईत दोरा ओवनारी कोन हाय, तुमी का मी?" मी म्हणायचो, सायकल माझी होती. परवा तुमच्या फोटोला हार घालतानाही मनात तेच आलं. मी अजून मान्य केलेलं नाही, वहिनी.

खिडकीच्या मागच्या कडेला मी तीन भोकांची पितळी पट्टी लावली. पहिल्या भोकात बंद, दुसऱ्यात दोन बोटं, तिसऱ्यात पूर्ण. तुम्ही कडेनं रबरावर काळ्या कापडाची गोट शिवून दिलीत. झरोक्यात ओलं मलमल. डॉक्टर येऊन बघून गेले, दोन्ही खिडक्या चारदा उघडून लावून पाहिल्या, आणि म्हणाले, "औषध बरोबर ठेवा, आणि जा."

मोटारीला बसायच्या जागा दोनच. म्हणून तुमचा नवरा तुमच्या माहेरी सामान घेऊन एस.टी.नं गेला आणि तुम्ही दिरासोबत शर्यतीच्या मोटारीतून गेलात. आळीत दोन-चार जणांनी त्यावर तोंड वाकडं केलं. दादानं पहाटे स्टँडवर जाताना त्यांच्यासमोरच मला बजावलं, "करंजीच्या घाटात हळू. आणि तिचं ऐक."

लोणी गेलं, कोल्हार गेलं. राहुरी आली तेव्हा तुम्ही माघारी फिरलेल्या त्या चौकाकडे बघितलं नाहीत, मीच बघितलं. नगरला मलमल धुऊन पुन्हा भिजवलं, पाणी तांबडं झालं होतं. तुमचा श्वास साधा होता. मी दर थोड्या वेळानं विचारत होतो, तेव्हा तुम्ही वैतागून म्हणालात, "बोलू नगा, मी रान बघतीया."

करंजीच्या घाटात खडीचा ट्रक पुढे लागला. वळणामागून वळण, पुढे जायला जागा नाही, आणि समोर धुळीची भिंत. मी काही म्हणायच्या आत तुमच्या बाजूला पट्टीचा आवाज झाला. खट्. मग माझ्या अंगावरून वाकून तुम्ही माझीही खिडकी लावलीत. खट्. मी वेग कमी केला. बाहेर काहीच दिसेना, काचांवर माती सरसरत होती, आणि आत हवा निवळ होती. मला तुमच्या बांगड्यांवरचं ऊन दिसत होतं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मी तुमच्या छातीकडे, तुमच्या नाकपुड्यांकडे चोरून बघत होतो. आत, बाहेर. आत, बाहेर. कुठं शीळ नाही, कुठं खेच नाही.

ती मोरी आली. पाच वर्षांपूर्वी दादानं तुम्हाला जिच्यावर बसवलं होतं ती. मी विचारलं, "थांबायचं?"

तुम्ही डोळे उघडलेत. "थांबायला आलोय व्हय आपन? चला."

माथ्यावर ट्रक मागं टाकला. तुम्ही पट्टी दुसऱ्या भोकात सरकवलीत आणि एक लांब श्वास सोडलात. मग दुसरा. मग तुम्ही मोठ्यानं हसायला लागलात. मला गाडी कडेला घ्यावी लागली, कारण मला रस्ता दिसेनासा झाला होता, आणि त्याला धूळ कारण नव्हती.

त्यानंतर दीड वर्षात तुम्ही सात वेळा तिसगावला गेलात. आईचं अंथरूण, औषध, तिची वेणी, सगळं केलंत. यंदा पौषात जो ताप आला तो त्या रस्त्यावरून आला नाही, हे मी दादाला सांगतो आणि स्वतःलाही सांगतो. डॉक्टरही तेच म्हणाले. चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या चार दिवसांत कुठलीच खिडकी कामाला आली नाही, आणि मी हातात पाना धरून दाराशी उभा राहिलो, जसं काही मला तुमच्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडणार होतं. यापेक्षा जास्त मला त्या दिवसांबद्दल लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते हे. तुमच्याआधी ती मोटार एका चित्राची नक्कल होती. तिच्यात बसून कुठं जायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं. तुम्ही एक गाव सांगितलंत. याबद्दल मी तुम्हाला कधी एक चांगला शब्द बोललो नाही. दीर-भावजयीत तसं बोलत नाहीत, आणि आपल्यात तर भांडायलाच वेळ पुरत नव्हता.

पण त्या पहिल्या दिवसाचं मी अजून संपवलं नाही.

आपण तिसगावात शिरलो तेव्हा बाजार भरलेला होता. "शाली आली! नगरच्या रस्त्यानं मगरीत बसून आली!" असं ओरडत माणसं मागून चालायला लागली. अंगणात सावलीला खाट टाकलेली होती. तुम्ही गाडी थांबायच्या आत दार उघडलंत. त्या खाटेपाशी काय झालं ते मी पाहिलं नाही, मी मुद्दाम नाक पुसत टायर बघत बसलो. मी नुसतं ऐकलं. "आये." आणि मग तुमच्या आईचा आवाज, "धाप न्हाई लागली तुला?"

"न्हाई, आये."

"येवढ्या लांबून?"

"न्हाई लागली."

दादा तासाभरानं उतरला. एस.टी. वाटेत पंक्चर झाली होती. केस, मिशा, भुवया सगळं मातीनं पांढरं. तुमच्या आईनं जावयाला ओळखलं नाही, विचारलं, "हे गिरनीतनं कोन आलं?" दादा इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं.

मग म्हातारीनं हट्ट धरला. मला त्यात बसव. दोन वर्षं ती त्या खाटेवरून उठली नव्हती. दादानं आणि तुमच्या भावानं तिला गोधडीसकट उचललं आणि तुमच्या जागेवर ठेवलं. मी चालवायच्या बाजूला वळलो, तर तुम्ही आधीच तिथं बसला होतात.

"वहिनी, परवाना शिकाऊ आहे."

"मग या की बरोबर."

"बसू कुठं?"

"चालत या."

म्हणून मी चाललो. टपावर हात ठेवून, मगरीच्या शेजारून, तिसगावच्या बाजारातून. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, पाठ ताठ, पदर खोचलेला, एकही झटका न देता चालवत होतात. दादा दुसऱ्या बाजूनं चालत होता आणि या खेपेला क्लचचं काही बोलत नव्हता. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कुणी शेळी आवरली, कुणी पाटी उचलून वाट दिली. म्हातारीनं आधी काच चाचपली, मग पितळी पट्टी तिसऱ्या भोकात सरकवली, खिडकी पूर्ण उघडली, हाडकुळा हात बाहेर काढला आणि दोन वर्षांत न भेटलेल्या एकेका बाईला नावानं हाक मारत सांगायला लागली,

"बघ गं, माझी शाली चालवतीया! बघ!"